हिमनदी, हेलिकॉप्टर आणि मराठी प्रवासवर्णनाची एक अडचण

मराठी प्रवासलेखनात हिमनदी हा एक ठरलेला प्रसंग होऊन बसला आहे. दिवाळी अंकांत, परदेशस्थ मराठी मंडळांच्या स्मरणिकांत, सहलींच्या अनुभवकथनांत तो वारंवार येतो आणि त्याचा साचाही बहुधा एकच असतो. कुटुंब गाडी काढते, वाटेत तिखटमिठाच्या पुऱ्या निघतात, हवामानाची धाकधूक असते, मग हेलिकॉप्टर उडते, खाली शुभ्र विस्तार पसरतो, डोळ्यांचे पारणे फिटते, शब्द अपुरे पडतात, आणि लेख संपतो. शब्द अपुरे पडण्याबद्दल तक्रार नाही. ते कोणाचेही पडतील. तक्रार अशी की ते नेमके जेथे लेखकाचे काम सुरू व्हायला हवे तेथेच, आणि दरवेळी, अपुरे पडतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर धाकट्या बहिणीकडे गेलो असताना फ्रान्झ जोसेफ हिमनदी पाहण्याचा योग आला. गाडीत आम्ही पाच जण होतो: बहीण, मेहुणे, चिपळूणहून आलेल्या तिच्या सासूबाई, सोळा वर्षांची भाची आणि मी. प्रस्तुत लेख त्या सहलीचे वर्णन नव्हे. परंतु मराठीत हिमनदीविषयी लिहिणे अवघड का जाते, याचा विचार त्या दोन दिवसांत जितका झाला तितका पुस्तके वाचून झाला नव्हता, म्हणून तिचा आधार घेतो.

प्रथम वाटेविषयी. ख्राइस्टचर्चहून निघाल्यावर कँटरबरीचे कोरडे, सपाट मैदान लागते. मग आर्थर्स पासचा घाट, सुमारे ९२० मीटरांवर. तो उतरताना ओटिराजवळ १९९९ साली बांधलेला उंच पूल लागतो, आणि त्यानंतर हवा, झाडी, वास सगळेच बदलते. कोकणातल्या माणसाला हा प्रदेश नकाशाविना कळतो. पश्चिमेला समुद्र, चिंचोळी किनारपट्टी, तिच्या पाठीशी भिंतीसारखा डोंगर. पश्चिमेचे ओले वारे त्या भिंतीवर आपटून सगळे पाणी अलीकडे टाकतात आणि पलीकडचा ‘देश’ कोरडा राहतो. सासूबाईंनी ओटिराच्या उतारावर काच खाली करून वास घेतला आणि ‘हा तर कुंभार्ली’ असे म्हणून टाकले. या एका वाक्यात जितका भूगोल होता तितका आम्ही वाचलेल्या माहितीपत्रकात नव्हता. घाटाच्या शोधाची कथाही ओळखीची वाटली. १८६४ साली आर्थर डॉबसन या भूमापकाने हा घाट ‘शोधला’ आणि त्याचे नाव घाटाला मिळाले. पण पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माओरी प्रमुखाने त्याला त्या वाटेविषयी आधीच सांगितले होते. बोरघाटातल्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिका आपल्याकडे आहेच. तिकडच्या शिंग्रोबाला देऊळही नाही, एवढेच.

फरक आहे तो उंचीचा. येथला सह्याद्री तीन हजार मीटरांच्या वर जातो. आओराकी अथवा माउंट कुक हे शिखर ३७२४ मीटरांचे आहे. शिवाय टास्मान समुद्रावरून येणारे वारे चार महिन्यांचे पाहुणे नाहीत, वर्षभर येत राहतात. फ्रान्झ जोसेफ गावात वर्षाला सुमारे ५ मीटर पर्जन्य होते आणि वर डोंगरात त्याच्या दुपटीच्या आसपास. ते वर बर्फ होऊन साठते, स्वतःच्याच भाराने दाबले जाते आणि अरुंद, तीव्र उताराच्या दरीतून खाली घसरू लागते. हिमनदी ती हीच. ही हिमनदी एके काळी समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांच्याही खाली, म्हणजे खंडाळ्याच्या निम्म्या उंचीवर, नेच्यांच्या हिरव्यागार रानात उतरत असे. तिचा वेगही मोठा. १९४३ साली तिच्यावर कोसळलेल्या एका विमानाचे अवशेष साडेसहा वर्षांनी सुमारे साडेतीन किलोमीटर खाली, मुखापाशी, येऊन पोचले. दिवसाला दीड मीटर. वर पडलेली वस्तू खाली आणून देणारी, चालती अशी ही गोष्ट आहे. पण सहलीच्या लेखांत ती बहुधा ‘पसरलेली’, ‘पहुडलेली’ किंवा ‘ध्यानस्थ’ असते. क्रियापदेच चुकीची निवडली की पुढचे सगळे निरीक्षण त्यांच्या मागे जाते.

याचे एक कारण भाषेच्या इतिहासात असावे. मराठी ही हिमाची भाषा नाही. ‘बर्फ’ आपण फारसीकडून घेतला. ‘हिमनदी’ भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाने दिली. आपल्या घरचे म्हणावे असे शब्द म्हणजे गारा, गारठा, दहिवर. संस्कृत ‘हिम’ बोलीत झिजून आला तो ‘हीव’ होऊन, आणि त्यातून निघाले हिवाळा आणि हिवताप. हिमाचा आपला थेट अनुभव असा अंगात भरणाऱ्या थंडीचा आणि तापाचा आहे, डोळ्यांनी पाहण्याचा नाही. त्यामुळे हिमशिखर दिसताच मराठी लेखक आपल्या बोलीतून उठतो आणि संस्कृताच्या आसनावर जाऊन बसतो: धवल, विराट, शाश्वत, अनादि. कालिदासाने कुमारसंभवाच्या आरंभी हिमालयाला पृथ्वीचा मानदंड म्हटले, तेव्हापासून बर्फाच्या डोंगराकडे पाहण्याची ही आपली बैठक पक्की झाली. मानदंड स्वतः हलत नाही, त्याने इतर गोष्टी मोजायच्या. आज मात्र परिस्थिती उलटली आहे. हिमनद्या मोजल्या जात आहेत आणि त्या कमी भरत आहेत. या उलटापालटीला ‘शाश्वत’ हे विशेषण घेऊन सामोरे जाता येत नाही, हीच मला अभिप्रेत असलेली अडचण.

नावांचा विषय येथे टाळता येत नाही. १८६५ साली युलिउस फॉन हास्ट या जर्मन भूशास्त्रज्ञाने या हिमनदीला ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे नाव दिले. सम्राटाने ती कधी पाहिली नाही. शेजारच्या दरीतल्या हिमनदीला विल्यम फॉक्स या तेव्हाच्या पंतप्रधानाचे नाव १८७२ मध्ये मिळाले. माओरी नावे निराळी आहेत. फ्रान्झ जोसेफ म्हणजे ‘का रोइमाता ओ हिने हुकातेरे’, हिने हुकातेरेचे अश्रू. तिला डोंगर चढण्याचे वेड. तिने आपल्या प्रियकराला, तुआवेला, आग्रह करून वर नेले. हिमलोटात तो गेला. तिचे अश्रू गोठले ती ही हिमनदी. फॉक्स हिमनदी म्हणजे ‘ते मोएका ओ तुआवे’, तुआवेची अखेरची शेज. १९९८ च्या न्गाई ताहू समझोत्याच्या कायद्यानंतर ही जोडनावे अधिकृत झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याने यातला भेद लक्षात घ्यावा असे वाटते. सम्राटाचे नाव हिमनदीविषयी काहीही सांगत नाही. माओरी नावात मात्र डोंगराचा मोह, दुसऱ्याला सोबत नेण्याची जबाबदारी, लोट कोसळण्याचा धोका आणि शोक इतके सगळे आहे. डोंगरावर हौसेने जाण्याची किंमत कोणीतरी भरतो, हे त्या कथेला पहिल्यापासून ठाऊक आहे.

याच किनाऱ्याने, जिथे वस्ती विरळ आणि पाऊस अखंड, इंग्रजी साहित्याला दोन मोठ्या कादंबऱ्या दिल्या. १९८५ चे बुकर मिळवणाऱ्या ‘द बोन पीपल’च्या लेखिका केरी ह्यूम ओकारिटोला राहत, फ्रान्झ जोसेफला पोचण्याच्या थोडे आधी त्या गावाचा फाटा लागतो. २०१३ चे बुकर मिळवणारी एलेनॉर कॅटन यांची ‘द ल्यूमिनरीज’ घडते ती १८६० च्या दशकातल्या, सोन्याच्या शोधाने पछाडलेल्या होकिटिकात. दोन्हींच्या केंद्रस्थानी हिमनदी नाही. समुद्र आहे, पाऊस आहे, कर्ज, दारू, एकाकीपणा, सोने आहे. जे तेथे राहतात त्यांच्या साहित्यात देखावा मागे आणि वस्ती पुढे असते. आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा क्रम फिरतो. हे साहजिक आहे. पण पाहुण्यालाही वस्तीकडे पाहता येते.

आता हेलिकॉप्टर. ते टाळावे असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत हवी: २०१२ पासून दरीतून पायी या हिमनदीवर चढणे बंद आहे. मुख इतके मागे सरले आणि इतके अस्थिर झाले की खालून बर्फावर पाऊल ठेवणे धोक्याचे ठरले. फॉक्सच्या दरीत जाणारा रस्ताही २०१९ साली दरड आणि पुराने गेला आणि कायमचा बंद झाला. म्हणजे बर्फावर उतरायचे तर आता हवेतूनच. ज्या इंधनाच्या धुराने हिमनदी पायवाटेच्या टप्प्यातून गेली तेच जाळून तिच्यापर्यंत पोचायचे, असा हा पेच आहे. तो उपरोध म्हणून मिरवण्यात अर्थ नाही; तो एक सरळ व्यवहार आहे आणि व्यवहार म्हणूनच लिहिला पाहिजे. पण मराठी लेखांत हेलिकॉप्टरचे भाडे क्वचितच सांगितलेले असते. आम्ही चौघांचे मिळून हजार डॉलरांच्या वर मोजले. त्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभे केले गेले, कारण कोणी कोठे बसायचे हे वजनावर ठरते. २०१५ च्या नोव्हेंबरात फॉक्स हिमनदीवर हेलिकॉप्टर कोसळून सातही जण मरण पावले होते, ही माहिती मेहुण्यांना होती आणि त्यांनी ती परत येईपर्यंत कोणाला सांगितली नाही.

चौघांचे म्हणालो, कारण भाची बसली नाही. तिने आदल्या रात्रीच सांगितले होते: ‘मामा, मी खालीच थांबते. तुम्ही जा, पण मला पटवू नका.’ तिच्या शाळेतली मुले हवामानबदलाच्या मोर्चांत जातात, तीही जाते. बहिणीला हे उद्धट वाटले, मेहुण्यांना कौतुक वाटले पण भाड्याची आगाऊ रक्कम भरल्याची हळहळही वाटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. पायवाट उघडी असती तरी त्यांना ती हिमनदी दिसली नसती, हेलिकॉप्टरनेच दिसली. म्हणून ‘पायी जाणारा खरा, उडणारा खोटा’ ही गिर्यारोहकांची नीती मला येथे अपुरी वाटते. आपल्याकडे केदारनाथला हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांची जी चेष्टा होते तीतही हीच घाई आहे. तरुण पायांना दर्शनाची मक्तेदारी कोणी दिली? आणि तरीही भाचीचा नकार माझ्या मनात राहिला, कारण आमच्यापैकी ती एकटीच अशी होती की जी न पाहण्याला काही अर्थ देऊ शकत होती.

वरून काय दिसले ते सांगतो. सुरुवातीला राखाडी, दगडगोट्यांनी भरलेले नदीचे रुंद पात्र. मग दरीच्या दोन्ही कड्यांवर, आताच्या बर्फापेक्षा पुष्कळ उंचावर, एक रेषा: तिच्या वर जुने रान, खाली उघडा खडक आणि कोवळी झुडपे. ही बर्फाने सोडलेली खूण, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. मग भेगांनी चिरफाळलेला बर्फ, भेगांच्या पोटात निळा रंग. आणि येथे एक विचित्र गोष्ट जाणवते. वरून प्रमाण कळत नाही. ती भेग पुरुषभर आहे की चार मजली, हे सांगणारे खाली काही नसते: झाड नाही, माणूस नाही. प्रवासवर्णनाचा जीव प्रमाणात असतो. किती चाललो, किती दमलो, ते शिखर दिवसभर किती जवळ आले, यातून वस्तूचा आकार वाचकाच्या अंगात उतरतो. हेलिकॉप्टर हे सारे पुसून टाकते, आणि मग रिकाम्या जागी ‘विराट’ हा शब्द बसवावा लागतो. वर दहा मिनिटे उतरवतात. शांतता होती, ऊन होते, छायाचित्रे निघाली. आनंद झाला, हे का नाकारावे?

प्रमाण मिळाले ते खाली आल्यावर, गावातल्या एका लहानशा चर्चमध्ये. सेंट जेम्सचे हे लाकडी चर्च १९३१ साली बांधले. वेदीच्या मागे रंगीत काच न लावता मोठी पारदर्शक खिडकी ठेवली, कारण तीतून हिमनदी दिसे. हे दृश्य इतके प्रसिद्ध होते की न्यूझीलंडने १९४६ साली महायुद्धानंतरच्या शांततेनिमित्त काढलेल्या तिकिटांत ही खिडकी आणि तीतली हिमनदी छापली. १९५४ च्या सुमारास हिमनदी खिडकीतून दिसेनाशी झाली. आम्ही गेलो तेव्हा तीत रान आणि ढग होते. हिमनदीवर लिहू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाने वरच्या दहा मिनिटांतली पाच तरी या बाकावर काढावीत. एक रिकामी चौकट, एक टपालतिकीट आणि दोन सनावळ्या यांतून जे कळते ते पाचशे छायाचित्रांतून कळत नाही.

पण या खिडकीवरून सरळ शोकगीत लिहिणेही फसवे आहे. फ्रान्झ जोसेफ सतत मागेच सरत गेली असे नाही. १९८३ ते २००८ या काळात न्यूझीलंडच्या किमान ५८ हिमनद्या पुढे सरकल्या, हीसुद्धा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे कारण दाखवले: जग तापत असतानाही त्या भागातले वारे आणि समुद्राचे तापमान काही वर्षे थंडीकडे झुकले होते. २००८ नंतर मात्र माघार वेगाने झाली. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण तो दोन्ही तयार भाषांना नकार देतो, शाश्वताच्या आणि सर्वनाशाच्याही. आइसलंडमध्ये २०१९ साली ओक या विझलेल्या हिमनदीसाठी स्मृतिफलक बसवला गेला. त्यावरचा मजकूर आन्द्री स्नैर माग्नासोन या लेखकाने भविष्यातल्या वाचकाला उद्देशून लिहिला. तेथे हिमनदी खरोखर संपली होती, म्हणून तो सूर शोभला. येथे ती आहे, आकसते आहे, आणि मध्येच पाव शतक पुढे आली होती. या चढउताराला शोभेल असा सूर मराठीत कोणता?

माझ्या मते तो आपल्याकडे आहे, पण आपण तो जुन्या दप्तरात बांधून ठेवला आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देखावे पाहण्यासाठी नव्हे. घरी कर्ज होते, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. १९०७ साली छापल्या गेलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये आपण का निघालो, किती मिळाले, किती लुटले गेले, कोणाच्या भरवशावर तगलो हे सारे आहे, आणि म्हणूनच जेव्हा आगीच्या, मृतदेहांच्या वेळा येतात तेव्हा ‘शब्द अपुरे’ पडत नाहीत. गोडसे भटजींचे सामर्थ्य त्यांच्या हिशेबीपणात आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने पुढे मराठी प्रवाशाला स्वतःवर हसायला शिकवले, ते देणेही मोठेच. पण त्या हास्याचे अनुकरण करताना आपण हिशेब सोडून दिला. भाडे कोणी भरले, कोण खाली थांबले, वाट कोणत्या साली बंद झाली, हे लिहिणे रसहानी करते असा समज दृढ झाला. प्रवासवर्णनाने पर्यावरणाचा अहवाल व्हावे असे मी म्हणत नाही. आनंद लिहावा, फक्त त्याची पावती फाडून टाकू नये.

संध्याकाळी आम्ही गावाजवळच्या पुलावर थांबलो. हिमनदीतून निघणारी वायहो येथून टास्मानकडे जाते. वरून येणाऱ्या दगडगोट्यांनी तिचे पात्र दशकानुदशके वर उचलले जात आहे, आणि गाव वाचवण्यासाठी काठाचे बांधही वाढवावे लागत आहेत. २०१६ च्या मार्चमध्ये नदी बांध फोडून गावातल्या एका हॉटेलात शिरली. २०१९ च्या मार्चमध्ये तिने हाच पूल वाहून नेला आणि तो नव्याने उभारावा लागला. हे सगळे मेहुणे सांगत होते. सासूबाईंच्या चिपळूणच्या घरात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी माळ्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत होते. दिवसभरात त्यांनी बर्फाविषयी फारसे काही विचारले नव्हते. आता त्यांनी कठड्याला धरून नदीचे पात्र पाहिले, मग वळून गावाकडे पाहिले, आणि भाचीला विचारले, ‘ही गावापेक्षा वर आहे ना गं?’ भाचीने मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. सासूबाई तिच्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. कोणत्या घरांना माळा आहे ते मोजू लागल्या.